डाव्या पायाचा बूट

धाकटीला सगळे धाकटीच म्हणतात. आता तिचे केस पिकले, चष्मा लागला, गल्लीतली पोरं तिला आजी म्हणायच्या बेतात आली, तरी नावात काही बदल नाही. थोरल्या भावाच्या बुटांच्या कारखान्यात ती आली, तेव्हा घरातली सगळ्यांत धाकटी होती, एवढंच काय ते कारण. कारखाना म्हणजे तरी काय, अरुंद गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत काचेचं कपाट, गिऱ्हाइकाला बसायला बाक आणि पाय ठेवायला उतरती चौकी. मागच्या खोलीत शिलाईचं मशीन, कातड्यांच्या गुंडाळ्या, भिंतभर पावलाच्या आकाराचे लाकडी फर्मे आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा असा वास, की नवख्या माणसाचं डोकं भणभणावं. धाकटीला मात्र तो वास आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर ती सरळ त्याच्या पायांकडे बघायची आणि "तुमचा नंबर किती हो?" असं विचारून मोकळी व्हायची. माणूस गडबडून नंबर सांगायचा आणि पुन्हा तो विषय काढायची त्याची छाती व्हायची नाही. जीभ अशी तिखट, पण हात असे, की कातडंसुद्धा तिच्यापुढे गुमान वागायचं.

तिचं काम नमुने काढायचं. लाकडी फर्म्यावर कागदी चिकटपट्टी चापूनचोपून लावायची, त्यावर पेन्सिलीनं बुटाच्या रेघा काढायच्या, मग ती पट्टी अलगद सोलून पुठ्ठ्यावर सपाट पसरायची. गोल पायाचा सपाट कागद होतो तो असा. एखादी सुरकुती राहून गेली, तर ती पुढे प्रत्येक जोडात उतरते आणि गिऱ्हाईक ओरडत येतं. हे सगळं तिला दादानं शिकवलं. दादा म्हणजे तो थोरला भाऊ. त्यानं जन्मभर नाडीचे बूट केले, घोट्यापर्यंतचे. अंगठ्याच्या नखाएवढा टाका घालणाऱ्याला तो उभं करायचा नाही. जोडातला एक बूट दुसऱ्यापेक्षा दोऱ्याभर उंच निघाला तर तो दोन्ही उसवायला लावायचा. "जोड म्हणजे जोड," एवढंच म्हणायचा आणि पुढच्या कामाला लागायचा.

त्याची आणखी एक रीत होती, आणि ती त्या कारखान्यात अजूनही चालते. नवा नमुना करायचा तो फक्त उजव्या पायाचा. दुसरा बूट करण्यात कातडं कशाला घालवायचं? उजवा पसंत पडला, की त्याचाच पुठ्ठा उलटा ठेवून डावा कापायचा, झालं काम. त्यामुळे मागच्या खोलीच्या फळीवर एकेकटे उजवे बूट रांगेनं उभे असतात. नवीन माणूस विचारतो, यांचे डावे कुठे गेले? शिलाईवाली म्हणते, "रुसून माहेरी."

शिलाईवाली ही धाकटीची मैत्रीण. मशीनवर बसली की तिचे हात आणि तोंड दोन्ही एकाच वेगानं चालतात. कारखान्यात आता या दोघीच. कारण दादाला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. पार गेली असं नाही. काठी धरून तो चालायचा, बोलायचाही नीट, पण डावा हात मांडीवर पडून राहायचा आणि डावं पाऊल जमिनीवरून ओढत यायचं. सपाता घातल्या तर चार पावलांत डावी मागे राहायची. डॉक्टरांनी सांगितलं, घोट्याला आधार हवा, बूटच घाला. बूट घरात ढिगानं होते, पण एका हातानं नाडी बांधून दाखवा बरं कुणी!

मग वहिनी बांधायच्या. वहिनींचे स्वतःचे गुडघे धड नव्हते. भिंतीला धरून त्या खाली बसायच्या, बूट घालायच्या, नाडी बांधायच्या आणि उठताना "आई गं" म्हणायच्या. एके दिवशी धाकटी तिथं असतानाच हे झालं. वहिनी खाली बसल्या त्या पुन्हा उठेचनात. धाकटीनं हात दिला तेव्हा कुठे उठल्या. दादा वरून सगळं बघत होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"काढ ते बूट," तो वहिनींना म्हणाला. "राहू दे. मला नाही जायचं बाहेर."

"अहो, असं काय करता? एवढं काही झालं नाही मला."

"बायकोला पायाशी बसवून बूट घालून घ्यायचे आणि हवा खायला जायचं? नाही. संपलं ते."

आणि खरंच संपलं. दादा खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसला तो तिथंच. पूर्वी सकाळी तो कालव्याकाठच्या रस्त्यानं पार पुलापर्यंत जायचा, तिथल्या कट्ट्यावर त्याच्या वयाची मंडळी बसायची, वर्तमानपत्रावरून तावातावानं भांडायची. आता मंडळी निरोप पाठवून थकली. त्याला एकट्याला सोडायचं नाही म्हणून वहिनींचंही बाहेर पडणं थांबलं. दोघं एकमेकांवर खेकसायला लागली. चहा गोड का, खिडकी उघडी का, कारण काहीही चालायचं. धाकटीला ते घर सहन होईना. माणसं आजारपणानं जात नाहीत एवढी अशी बसून जातात, असं तिला वाटायचं.

"मी तुला इलॅस्टिकचे बूट करते," ती एकदा म्हणाली. "दोन्ही बाजूंना इलॅस्टिकची पट्टी, मागे ओढायला कातड्याचा लूप. नाडी नाही, बक्कल नाही. एका हातानं पाय आत."

दादानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं पुठ्ठ्याचे बूट घाल म्हटलं होतं. "इलॅस्टिक? ते चड्डीला शोभतं."

"आणि नाडी? ती काय टोपीला असते?"

वहिनी फिस्सकन हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या त्या. दादाला हसू आलं होतं की नाही देव जाणे, पण त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाला, "कर काय करायचं ते. मी घालीनच असं नाही."

धाकटीला एवढं पुरे होतं.

ती कामाला लागली. वाटतं तेवढं सोपं नसतं हो हे. इलॅस्टिक घट्ट घेतलं तर पाय आत जात नाही, सैल घेतलं तर बूट घोट्याशी तोंड वासून बसतो. पट्टी घोट्याच्या हाडावर आली तर हाड सोलून निघतं. रुंद केली तर बूट म्हाताऱ्याच्या मोज्यासारखा दिसतो, आणि दादाला असलं काही दाखवायची कुणाची शामत होती? तिनं बाजारातली सगळी इलॅस्टिकं आणून ताणून पाहिली. शेवटी कातड्याच्याच तपकिरी रंगाचं, दाट विणीचं एक सापडलं. कातडं तिनं वासराचं घेतलं, मऊ, कडेला इतकं पातळ तासलं, की बोटाला शिवण लागू नये.

"स्वतःच्या लग्नाची तयारीसुद्धा कुणी एवढी करत नाही," शिलाईवाली म्हणाली.

"मला काय माहीत? मी केलंय का?"

"तेच म्हणते. सगळी हौस त्या बुटावर."

नमुन्याचा बूट झाला, अर्थात उजव्या पायाचा. धाकटी तो घेऊन गेली आणि तिनं तो दादाच्या पुढ्यात ठेवला. त्यानं आधी तो उजव्या हातात घेऊन उलटासुलटा केला, आत बोटं घालून शिवण चाचपली, नाकाशी नेऊन वास घेतला. "टोक बोथट झालंय," म्हणाला. मग खाली ठेवला, पाय घातला, मागचा लूप धरून ओढला. बूट सरळ आत! दादानं पाय उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. बूट पायाला धरून बसला होता.

"हं," दादा म्हणाला.

त्याच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे इतरांनी ढोल बडवणं. वहिनींनी धाकटीचा हात दाबला. "डावा कधी आणतेस?" दादानं विचारलं, आणि धाकटी जिना उतरली ती तरंगतच.

पुठ्ठा उलटा ठेवला, डावा कापला, शिवला, तळ बसवला, चमकवला. जोड घेऊन ती गेली त्या दिवशी दादानं दाढी केलेली होती. वहिनींनी त्याचा ठेवणीतला कोट झटकून खुंटीवर लावून ठेवला होता. उजवा बूट मुकाट्यानं पायात गेला. दादानं डावा घेतला.

आणि गाडी तिथंच अडली.

डावं पाऊल बुटाच्या तोंडाशी येऊन थांबलं. दादानं लूप ओढला, तर बोटं आत मुडपली. त्यानं पाय बाहेर काढला, हातानंच पुन्हा आत ठेवला, ओढला. घोटा अडला. वहिनी पुढे झाल्या, तर "थांब!" असा ओरडला. कपाळावर घाम आला, मान लाल झाली, तो ओढतच राहिला. इलॅस्टिक चांगलं ताठ होतं. ज्या पायाला स्वतःहून आत शिरता येतं त्याच्यापुढे ते नमायचं, आणि जो पाय नुसता पडून राहतो त्याला ते दारातूनच परत पाठवायचं. शेवटी दादानं बूट काढला आणि भिरकावून दिला. बूट कपाटावर आदळून खाली पडला.

"जा तू," दादा म्हणाला. "दोघीही जा इथून."

धाकटी कारखान्यात आली ती रडतच. आल्या आल्या तिनं फळीवरच्या उजव्या बुटांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, मूर्ख आहे मी! मी उजव्या पायाला बूट केला. त्याच्या चांगल्या पायाला! ज्याला कशाचीच गरज नाही त्या पायावर घालून बघितला आणि नाचत घरी आले."

"रीतच आहे ना आपली तशी," शिलाईवाली तिला समजावत म्हणाली.

"रीत गेली खड्ड्यात! माझं डोकं कुठे गेलं होतं?" आणि ती पुन्हा रडायला लागली. शिलाईवालीनं मशीन बंद केलं, तिला पाणी दिलं आणि शेजारी गप्प बसली. शिलाईवाली गप्प बसली यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा पाय भावाच्या घराकडे वळेना. पण वहिनींचा फोन आला. "ये बाई लवकर. यांनी काय मांडलंय बघ. आणि येताना शिवायची आरी आणि इलॅस्टिक घेऊन ये म्हणतायत."

ती गेली तर काय, दादा खिडकीपाशी नव्हताच! तो टेबलाशी बसला होता. डावा बूट त्यानं दोन जाडजूड पुस्तकांच्या मध्ये उभा अडकवला होता आणि उजव्या हातात भाजीची सुरी धरून शिवण उसवत होता. धाकटीनं जीव तोडून घातलेले टाके टेबलावर कचऱ्यासारखे पडले होते.

"अरे दादा, हे काय!"

"बस. पाय आत जात नाही, हा दोष पायाचा की बुटाचा?"

असं तो पूर्वी विचारायचा, ती नवीन असताना. तिनं डोळे पुसले. "बुटाचा."

"मग रडतेस कशाला? बूट दुरुस्त करता येतो." त्यानं बूट तिच्याकडे सरकवला. "हे बघ. आतल्या बाजूची पट्टी काढून टाक. तिथं नुसतं कातडं राहू दे, ताठ. माझ्या पावलाला टेकायला भिंत पाहिजे. त्या भिंतीच्या कडेकडेनं ते घसरत जाईल. दोन्हीकडे लवलवतं असलं की त्याला कळत नाही कुठं जायचं."

"आणि बाहेरच्या बाजूला?"

"बाहेरचं इलॅस्टिक थेट तळापर्यंत उतरव. रुंद कर, नरम घे. बूट पुस्तकासारखा उघडला पाहिजे. टाच मात्र कडक हवी, दबायला नको."

धाकटीचं डोकं भराभर चालायला लागलं. "लूपसुद्धा लहान आहे. तुला वाकावं लागतं."

"मग मोठा कर."

"किती मोठा?" असं म्हणता म्हणता तिची नजर खुर्चीला टेकवलेल्या काठीवर गेली. काठीची मूठ वाकडी होती, आकड्यासारखी. तिनं ती उचलली आणि बुटाच्या मागे धरून पाहिली. दादानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा हळूहळू वर गेला.

"आकडा अडकवायचा आणि बसल्या जागेवरून ओढायचं," तो म्हणाला. "वाकायलाच नको. धाकटे, हे मला सुचलं नव्हतं हां."

एवढ्या वर्षांत असं वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं. धाकटी उगाच भांडणाच्या सुरात म्हणाली, "पण मग दोन्ही बूट वेगळे दिसतील. जोड जुळणार नाही."

दादानं कोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांडीवरच्या हाताकडे.

"माझे पाय जुळतात का?"

वहिनी दारात उभ्या होत्या, त्या चटकन आत निघून गेल्या. धाकटीनं मान खाली घातली आणि पेन्सिल शोधायला लागली. पेन्सिल सापडल्यावर म्हणाली, "उजव्यावर नुसती खोटी शिवण मारते म्हणजे लांबून सारखे दिसतील."

"खोटी शिवण माझ्या बुटावर? खबरदार! उजवा आहे तसाच राहील. डावा हवा तसा होईल."

त्यानंतरचे दिवस धाकटीच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, असं ती स्वतः सांगते. दुपारी ती दादाकडे जायची. दादा सांगायचा, ती चिकटपट्टीवर रेघ काढायची, दादा ती खोडायला लावायचा, ती त्याच्याशी वाद घालायची. वहिनी चहा आणायच्या आणि दोघांचा आवाज चढला की "हळू बोला, शेजारी येतील" असं म्हणायच्या, पण त्यांचा चेहरा खुललेला असायचा. धाकटीनं त्याच्या डाव्या पायाचा वेगळा फर्मा घासून घेतला. फळीवर पहिल्यांदा एकटा डावा बूट उभा राहिला. शिलाईवालीनं त्याला "जावईबापू" असं नाव ठेवलं आणि येताजाता ती त्याची विचारपूस करायची. काठीचा आकडा अडकेल असा लूप दोनदा तुटला, तिसऱ्यांदा धाकटीनं तो दुहेरी कातड्याचा केला आणि थेट टाचेपर्यंत खाली नेऊन शिवला.

तयार बूट तिनं नेऊन दिले तेव्हा दादानं डावा पाय बुटाच्या ताठ भिंतीकडून आत सोडला, काठी अडकवली, ओढली. वेळ लागला. बोटं एकदा अडली, त्यानं थांबून पुन्हा सरळ केली. मग टाच आत बसल्याचा हलका आवाज झाला. कुणी हात लावला नव्हता. दादानं तिथल्या तिथे तो काढून दाखवला आणि पुन्हा घातला.

"आता जाशील ना?" धाकटीनं विचारलं.

"बघू," दादा म्हणाला.

झालं! धाकटीच्या उत्साहावर पाणीच ओतलं त्यानं. बघू म्हणजे काय? या माणसाच्या "बघू"त कित्येक कामं कायमची गाडली गेली होती. तिनं वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी खांदे उडवले. खिडकीपाशी खुर्ची तशीच होती. त्या रात्री ती जेवली, पण काय जेवली ते तिला आठवत नाही. बूट झाला, आणि माणूस उठलाच नाही तर? त्याला बुटाची नाही, लोकांनी आपलं ओढतं पाऊल बघण्याचीच लाज वाटत असली तर? त्याला कुठलं इलॅस्टिक लावणार होती ती?

मधे सुट्टी आली, मग एक तातडीचं काम आलं. तिला जायला जमलं नाही, की तिनं जमवलं नाही, कोण जाणे. शेवटी एका सकाळी तिला राहवेना. पॉलिशची डबी द्यायची आहे असं स्वतःलाच सांगून ती निघाली. जिना चढली, बेल दाबायला हात वर केला आणि तो तिथंच थबकला. दाराला कुलूप होतं.

दादा आजारी पडल्यापासून या दाराला कुलूप लागलेलं तिनं पाहिलं नव्हतं. इस्पितळ, तिला वाटलं. दुसरा झटका. तिनं शेजारचं दार धडाधडा वाजवलं. शेजारीण कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

"अहो, काय झालं दादाला? कुठे नेलंय?"

"नेलंय कुठे? स्वतःच गेलेत," शेजारीण म्हणाली. "दोघंही. पुलाकडे. परवापासून रोज जातात. काल तर दुपार करून आले. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

धाकटीनं मान हलवली. नाही, सांगितलं नव्हतं. दादाची ती पद्धतच नव्हती. शेजारीण आत गेली आणि धाकटी तिथंच पायरीवर बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तिला हसूही येत होतं. पर्समधला फोन वाजला. शिलाईवाली होती.

"अगं आहेस कुठे? गिऱ्हाईक येऊन बसलंय."

"दादाकडे आलेय. घरी कुणी नाही. दाराला कुलूप आहे."

"मग ये की निघून! बंद दारापुढे बसून काय करतेस?"

धाकटीनं पदरानं नाक पुसलं. "बसव त्याला जरा," ती म्हणाली. "मला हे कुलूप बघू दे थोडा वेळ."